कांबळीत गुंडाळलेला बर्फ

लहान मुलांना विज्ञान शिकवायचं म्हटलं की शाळांमध्ये पहिली गोष्ट निघते ती सामानाची. लॅब नाही, किट नाही, मायक्रोस्कोप नाही, मग पहिली ते चौथीच्या पोरांना शिकवायचं काय, तर पुस्तकातलं चित्र दाखवायचं आणि खालची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घ्यायची. मला हे अजिबात पटत नाही. विज्ञानाचं उत्तम सामान पोरं रोज अंगावर घालूनच शाळेत येतात. युनिफॉर्म, रुमाल, मोजे, केसांची रिबन, दप्तराचा पट्टा, पावसात रेनकोट आणि छत्री. ह्यातलं प्रत्येक कापड वेगळं वागतं, पाण्याशी वेगळं, उन्हाशी वेगळं, ओढलं तर वेगळं, आणि पोरांच्या हातांना ते आधीच थोडंफार ठाऊक असतं. फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मी गोव्यात एका लहानशा मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्ग एकत्र बसतात, पोरं घरी कोंकणी बोलतात, वर्गात मराठी, मधेच इंग्लिश शब्द, आणि असं मिसळून बोलल्यामुळे कोणाचं काही अडत नाही. दरवर्षी जूनमध्ये शाळा भरली की मी कापडांचा विषय काढते, कारण तेव्हा बाहेर पाऊस असतो, व्हरांड्यात रेनकोटांची रांग टपटपत असते, घरात कपडे वाळत नाहीत म्हणून आया वैतागलेल्या असतात. आमच्या इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा ह्या चार महिन्यांत, त्यामुळे "कुठलं कापड लवकर वाळतं" हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही, तो घरातल्या दोरीवर लटकत असतो.

सुरुवात मी हातांपासून करते. गावातल्या शिंप्याकडे कातरणांची पोती भरलेली असतात, मागितली की आनंदाने देतो. त्यात घरातले तुकडे घालायचे, जुन्या सोवळ्याचा रेशमी काठ, फाटलेली बनियन, मोडक्या छत्रीचं कापड, गोणपाट, मांजरपाट, मोज्याचा तुकडा, धनगरी कांबळीचा तुकडा. पोरं डोळे मिटून पिशवीत हात घालतात आणि हाताला काय लागलं ते सांगतात. शब्द आपण पुरवायचे नाहीत. खरखरीत, गुळगुळीत, थंड, टोचणारं, "आजीच्या हातासारखं" असंही एकीने सांगितलं होतं, तेही फळ्यावर लिहायचं. "थंड" हा शब्द हमखास येतो, रेशमाला आणि रेनकोटला दोन्हीला, आणि तो लिहून ठेवायचाच कारण पुढे त्याचं मोठं काम आहे.

मग पाणी. ड्रॉपर नसेल तर प्लास्टिकची स्ट्रॉ चालते, वरच्या टोकाला बोट दाबून थेंब सोडता येतो. पण थेंब टाकण्याआधी अंदाज, हा माझा नियम आहे आणि तो मी कधीच मोडू देत नाही. प्रत्येकाने आधी सांगायचं थेंब आत जाणार की वर बसणार, आणि का. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, शेजारी काय झालं ते लिहायचं. कारण अंदाज न करता नुसतं बघितलं तर ती जादू होते, बघितलं आणि विसरलं. अंदाज केलेला असला की पोरगं त्या थेंबाकडे डोळे फाडून बघतं.

रुमालावर थेंब टाकला की लगेच पसरतो. "टीचर, हें उदक पियेता!" छत्रीच्या कापडावर मोत्यासारखा बसतो, तुकडा तिरका केला की घरंगळतो. इथपर्यंत सगळ्यांचे अंदाज बरोबर येतात. मग मी कांबळीचा तुकडा ठेवते. जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो की ही पिणार, जाड आहे, मऊ आहे, भरपूर पिणार. आणि थेंब वर बसून राहतो. बराच वेळ. पोरं बोट लावून बघतात, फुंकर मारतात, शेवटी दाबतात तेव्हा कुठे आत जातो. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात आणि हाताने केलेल्या कांबळीत लोकरीचं मूळचं तेलकटपण थोडं शिल्लक असतं, म्हणून पाणी लगेच शिरत नाही. त्याच वेळी दुसरीही गोष्ट खरी आहे, की लोकर हवेतला दमटपणा भरपूर शोषते, स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा, आणि तरी हाताला ओली लागत नाही. आमच्या भागात पूर्वी शेतकरी भर पावसात डोक्यावरून कांबळीची खोळ घेऊन चिखलात उभे राहायचे, ते उगीच नाही. घरी आजोबांना विचारून या म्हटलं की पोरं दुसऱ्या दिवशी कितीतरी गोष्टी घेऊन येतात, कांबळीचा वास, तिचं ओझं, ती चुलीजवळ वाळत घालायची ते सगळं.

आणि मांजरपाट. हा माझा फार आवडता तुकडा. दुकानातून आणलेला कोरा मांजरपाट आणि दोन-तीनदा साबणाने धुतलेला मांजरपाट, एकाच ताग्यातले दोन तुकडे. पोरं म्हणतात दोन्ही सेम, कॉटन आहे म्हणजे पिणारच. पण कोऱ्यावर थेंब थबकतो आणि धुतलेल्यावर झटकन पसरतो. का बरं? कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो आणि मागावर चढवताना धाग्याला खळही लावलेली असते, धुण्यात दोन्ही हळूहळू निघून जातात. नवा टॉवेल अंग पुसत नाही अशी घरोघरी तक्रार असते ना, तिचंही कारण असंच काहीसं, कारखान्यात त्याच्यावर केलेलं फिनिशिंग धुऊन जाईपर्यंत तो नीट पाणी ओढत नाही. हे कळल्यावर तिसरीतल्या पोरांचे चेहरे बघावेत. घरातल्या मोठ्यांना माहीत नसलेलं कारण आपल्याला माहीत आहे हा आनंद त्या वयात फार मोठा असतो, आणि तो त्यांना मिळायलाच हवा.

वाळवण्याच्या शर्यतीत तर पोरं स्वतःच शास्त्रज्ञ होतात. प्रत्येक गटाला वेगळं कापड, भिजवायचं, पिळायचं, दोरीवर टाकायचं, ज्याचं आधी वाळेल ते जिंकलं. मी मुद्दाम तुकडे लहानमोठे देते आणि काही बोलत नाही. थोड्या वेळात ओरडा होतो, "टीचर, ताचो कुडको व्हड!" (त्याचा तुकडा मोठा आहे!) मग दुसरा म्हणतो ह्याने नीट पिळलंच नाही, तिसरा म्हणतो त्यांची दोरी खिडकीजवळ आहे तिथे वारा येतो. बस्स, मला हेच हवं असतं. मग त्यांनीच ठरवायचं, तुकडे एका मापाचे कापायचे, पाणी सगळ्यांना एकाच बादलीतलं, पिळायचं एकाच मुलाने, दोरी एकच. एक सोडून बाकी सगळं सारखं ठेवायचं ही विज्ञानातली इतकी मोठी गोष्ट, पुस्तकात ती वरच्या वर्गात कधीतरी व्याख्या म्हणून येते, आणि इथे सहा-सात वर्षांची पोरं भांडता भांडता ती स्वतः शोधून काढतात कारण त्यांना अन्याय सहन होत नाही. शर्यतीत पॉलिस्टर जिंकतं, साधारण नेहमीच. पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी जवळपास घेतच नाही, नेहमीच्या हवेत वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, कापूस मात्र साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो. म्हणून बहुतेक युनिफॉर्मचं कापड मिश्र असतं, 65 भाग पॉलिस्टर आणि 35 भाग कापूस हे सर्रास मिळणारं प्रमाण, जुने लोक ज्याला टेरीकॉट म्हणतात ते. पावसात लवकर वाळतं पण मे महिन्यात अंगाला चिकटतं. पोरांना मी विचारते, तुम्ही शाळेचे हेडमास्तर असता तर कुठलं कापड घेतलं असतं? ह्याचं एक बरोबर उत्तर नाही, आणि एकच उत्तर नसलेले प्रश्नही पोरांना लहानपणापासून मिळायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

आता बर्फ. मला वर्षभरात एकच एक्सपेरिमेंट करायला मिळणार असेल तर मी हाच करीन.

पोरांना विचारायचं कांबळ कशी असते. "गरम!" सगळे एका सुरात. मग सारख्या आकाराचे बर्फाचे खडे घ्यायचे, एक उघडा बशीत, एक रुमालात गुंडाळून, एक गोणपाटात, एक कांबळीत. सगळ्यात आधी कुठला वितळेल? वर्गातले जवळपास सगळे हात कांबळीला वर होतात, आणि कारणही एकदम पक्कं असतं, कांबळ गरम असते म्हणून बर्फ गरम होणार. हे कारण मूर्खपणाचं नाही बरं का, उलट त्यांच्या अनुभवाशी अगदी जुळणारं आहे, म्हणूनच नुसतं "नाही, चूक" म्हणून ते जात नाही. मोठ्या माणसांच्या डोक्यातही ते तसंच बसलेलं असतं. पालकसभेत मी हाच प्रश्न विचारते आणि तिथेही बरेच हात कांबळीला वर होतात.

मग थांबायचं. मधे गणिताचा तास घ्यायचा आणि अधूनमधून उघडून बघायचं. उघडा खडा आधी संपतो. कांबळीतला सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. त्या वेळी वर्गात जी शांतता होते ती मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिथे घाईने उत्तर सांगून टाकायचं नाही. पोरं आधी म्हणतात टीचरने कांबळीत मोठा खडा ठेवला. ठीक आहे, उद्या तुम्ही ठेवा. दुसऱ्या दिवशी ती स्वतः ठेवतात, परत तेच होतं. मग मी भिंतीवरचा थर्मामीटर काढून कांबळीत गुंडाळून ठेवायला देते. कांबळ गरम असेल तर पारा चढला पाहिजे ना? थोड्या वेळाने काढतात तर पारा होता तिथेच, बाहेर जेवढं तेवढंच आत. मला वाटतं ह्या क्षणी त्यांच्या डोक्यात खरी हालचाल होते. कांबळ गरम नाही. मग गरम काय आहे? कोणीतरी हळूच म्हणतं, "आपण." म्हणजे आपलं अंग गरम आहे आणि कांबळ ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. आणि बर्फ असला की बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. लोकरीचे केस कुरळे असतात, त्यांच्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते, एवढंच कारण. कोमट पाण्याचे दोन ग्लास भरून एक कांबळीत गुंडाळला की दुसरी बाजूही लगेच हाताला कळते.

मग पोरंच आठवण काढतात की मासळी बाजारात बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकलेलं असतं. रोज बघितलेलं असतं, मासे घ्यायला आईबरोबर जातात तेव्हा, पण ते गोणपाट तिथे का आहे हा प्रश्न कधी पडलेला नसतो. आणि सुरुवातीला फळ्यावर लिहिलेला "थंड" शब्द आता परत बघायचा. रेशीम थंड लागलं, रेनकोट थंड लागला, थर्मामीटर लावून बघा बरं ते खरंच बाकीच्यांपेक्षा थंड आहेत का? नसतात. वर्गातली सगळी कापडं एकाच तापमानाची असतात, गुळगुळीत कापड हाताला जास्त ठिकाणी टेकतं म्हणून हाताची ऊब पटकन ओढून घेतं. दुसरीतल्या पोरांना हे सगळं समजतं असा माझा दावा नाही, पण "हाताला लागलं तसंच असेल असं नाही, मोजून बघू" एवढं ती नक्की उचलतात.

ह्यानंतर सावर. आमच्या गावांत काटेसावर भरपूर आहे, एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटली की रस्ताभर कापूस उडत असतो आणि पोरं त्याच्या मागे धावत असतात. घरोघरी त्याच्या उशा भरायचे, अजूनही काही घरांत भरतात. मी पोरांना विचारते, सावरीचाही कापूस आणि शेतातलाही कापूस, मग सावरीचं कापड का नाही करत? समईची वात का नाही करत? आणि दोन्ही कापूस हातात द्यायचे, पूजेच्या वातींसाठी मिळतो तो आणि सावरीचा. वळा वात. साध्या कापसाचे तंतू एकमेकांना धरून राहतात, पीळ दिला की दोरा होतो, ओढला तरी तुटता तुटत नाही. सावरीचे तंतू बोटांतून निसटतात, पीळ बसतच नाही, फुंकर मारली की उडून जातात. भिंग लावून सगळं दिसत नाही, पण चमक दिसते. साध्या कापसाचा तंतू चपटा आणि नैसर्गिकरीत्याच पिळा पडलेला असतो, म्हणून शेजारच्याला अडकतो. सावरीचा तंतू गुळगुळीत, आखूड, ठिसूळ आणि आतून पोकळ असतो, नळीसारखा, त्यावर मेण. त्यामुळे त्याचं सूत काढणं फार कठीण. म्हणून उशी सावरीची आणि वात कापसाची. कुठल्या तरी आजीने हे कोणे एके काळी बोटांनीच ओळखलं असेल, आणि आता माझ्या वर्गातली पोरं बोटांनीच ओळखतात.

मग परातीत पाणी घ्यायचं. मेडिकलमधला पांढरा कापूस टाकला की बघता बघता बुडतो. सरकी काढलेला कच्चा कापूस थोडा वेळ तरंगतो, आणि इथे एखादं पोरगं लगेच म्हणतं "मांजरपाटासारखं, मेण!" (असं कोणी म्हणालं की मला दिवसभर बरं वाटतं.) सावरीचा कापूस मात्र तरंगतच राहतो, शाळा सुटली तरी तरंगत असतो. पोकळ तंतूत हवा आणि वर मेण, पाणी शिरणार कसं. पूर्वी ह्याच कुळातल्या झाडांचा कापूस बोटीवरच्या लाइफजॅकेटमध्ये भरायचे, आता फोम आला. ज्यांच्या घरी होडी आहे ती पोरं ह्यावर खूप बोलतात.

अजून एक गंमत आहे. त्याच पाण्यावर चमचाभर खोबरेल ओतायचं आणि सावरीचा बोळा त्यावर फिरवायचा. तेल बोळ्यात येतं, पाणी परातीत राहतं. पाणी नको म्हणणारा कापूस तेल आनंदाने घेतो. आमच्या किनाऱ्यांवर पावसाच्या तोंडावर डांबराचे गोळे येऊन पडतात, जहाजांतून समुद्रात सांडलेल्या तेलाचे, वाळूत खेळताना पायाला चिकटतात आणि मग घरी खोबरेल चोळून काढावे लागतात. किनाऱ्याजवळच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. समुद्रात सांडलेलं तेल टिपायला असे तंतू वापरता येतात ह्यावर शास्त्रज्ञांनी काम केलेलं आहे, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं की मग आपण सगळी सावर समुद्रात का नाही टाकत. तिला मी नाही म्हटलं नाही. किती सावर लागेल, ती परत बाहेर कशी काढायची, भिजलेली सावर कुठे टाकायची, असे प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिले आणि त्यावर बराच वेळ बोललो. चमचाभर तेलाला केवढा बोळा लागला तेही तिने मोजून लिहिलं.

विणकामाला मी कागदाच्या पट्ट्या वापरते. एक वर एक खाली, पुढच्या ओळीला उलट. माडाच्या चुडतांची मल्लां (झावळ्यांचे झाप) विणताना ज्यांनी बघितलंय ती पोरं भराभर करतात, कारण हात तोच. आता रंग. फक्त उभ्या पट्ट्यांत तांबड्या घातल्या तर काय दिसेल? पट्टे. आणि आडव्यांतही घातल्या तर? चौकटी! पण नुसतं चौकटी म्हणून सोडायचं नाही, खऱ्या धाग्याने पुठ्ठ्यावर खाचा पाडून छोटा माग करायचा आणि विणून बघायचं. तांबड्यावर तांबडा आला तिथे गडद, पांढऱ्यावर पांढरा तिथे पांढरा, आणि तांबडा-पांढरा मिळाला तिथे तिसराच फिकट रंग, जो आपण घातलाच नव्हता. पोरं म्हणतात तो रंग कुठून आला. भिंग लावा. भिंगाखाली फक्त तांबडे आणि पांढरे धागेच दिसतात, फिकट रंगाचा एकही नाही. लांबून डोळा ते मिसळतो.

हे करताना कुणबी साडीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तांबड्या चौकटींची, आखूड नेसलेली, खांद्यावर गाठ मारलेली, शेतात काम करताना अडचण होऊ नये अशी. वर्गातल्या काही पोरांच्या पणज्या तीच नेसायच्या. मधल्या काळात ती जवळपास दिसेनाशी झाली होती, आमच्या कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणवून घेतली आणि फॅशन शोपर्यंत नेली. त्यांना 2014 साली पद्मश्री मिळाली, 2020 साली ते गेले. पोरांना मी एवढंच सांगते की तुम्ही पुठ्ठ्यावर आत्ता जे केलंत तेच त्या साडीत आहे, फक्त फार बारीक आणि फार लांब. एकीने तिच्या पणजीच्या साडीचा तुकडा आणला होता, विटलेला, आणि सगळ्यांनी भिंगातून तो बघितला, धागे मोजले. तो तुकडा कापायचा नाही, ओला करायचा नाही, हे मला सांगावं लागलं नाही.

बनियनचं कापड मात्र असं उभं-आडवं नसतं, त्यात एकच धागा फास घालत घालत जातो, म्हणून ते ताणतं. रुमाल सरळ ओढला तर वाढत नाही, पण दोन कोपरे धरून तिरका ओढला की वाढतो! हे पोरांनी मला करून दाखवलं आणि मग आम्ही कागदाच्या विणीवर बघितलं का ते, चौकोन तिरके होऊन लांबट होतात.

हळदीचा डाग थोडक्यात सांगते कारण तो बऱ्याच जणांना माहीत असेल. पांढऱ्या कापडाला हळद लावायची, कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी लावलं की लालभडक, त्यावर लिंबू किंवा बिंबलाचा (एक आंबट फळ) रस पिळला की परत पिवळा. राहिलेला फिकट डाग उन्हात ठेवला की जातो. आमची तांबडी माती मात्र ऊन दाखवून जात नाही, ती रंग नाही तर लोखंडाच्या गंजाचे बारीक कण आहेत, धाग्यांच्या फटीत जाऊन बसतात. त्यामुळे चिखलाचा डाग वाळू द्यायचा, झटकायचा आणि मगच धुवायचा की ओला असतानाच धुवायचा, ह्यावर वर्गात दोन पक्ष आहेत आणि दोघांनीही घरी तुकड्यांवर करून बघायचं असं ठरलंय.

जाळून बघण्याचा प्रयोग. ह्यावर मी जरा कडक आहे. पोरांच्या हातात काडेपेटी नाही म्हणजे नाही. फक्त चौथीच्या पोरांसमोर, वर्गाबाहेर, रेतीच्या तसराळ्यावर, लांब चिमट्याने, मी एकटी, पाण्याची बादली शेजारी, पोरं लांब. कापसाचा दोरा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचा वास, मऊ राख. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखे वास मारतात आणि ज्योत काढली की विझायला बघतात. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी होतो. तो गार मणी मी सगळ्यांना हातात देते. हे एवढं दाखवण्याचं कारण नरकासुर. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुराचे पुतळे जाळतात, पोरं रात्रभर जागी, आगीच्या जवळ, फटाके हातात, आणि अंगात नवीन चकचकीत सिंथेटिक शर्ट. तसं वितळलेलं कापड कातडीला चिकटलं तर काय होईल हे तो मणी बघितलेल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आधी हा प्रयोग झालाच पाहिजे असं मी ठरवलेलं आहे, बाकी काही राहिलं तरी चालेल.

पालक कधीकधी विचारतात की हे सगळं चांगलं आहे पण पोर्शन कधी करता. मी त्यांना वह्या दाखवते. अंदाज, काय झालं, का झालं असावं, तीन रकाने, चित्रांसकट. शुद्धलेखन त्यात होतं, मोजमाप होतं, वजाबाकी होते (भिजलेल्या तुकड्याचं वजन वजा कोरड्याचं), आणि "कापसापासून ____ मिळते" ही रिकामी जागा भरायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त वेळही लागत नाही फारसा. वजनकाटा नसेल तर कपड्यांच्या हँगरला दोन बाजूंना डबीची झाकणं टांगून काटा करता येतो, आम्ही तोच वापरतो.

कोणाला आपल्या शाळेत करायचं असेल तर शिंप्याकडून तुकडे घेताना कुठलं कापड ते त्यालाच विचारून चिठ्ठी लावून घ्या, कारण आता बाजारात रेशमासारखं दिसणारं पॉलिस्टर इतकं आलंय की नुसतं बघून कळत नाही. कांबळ पूर्ण विकत घ्यायची गरज नाही, कोणाच्या तरी घरी फाटकी असतेच, पण ती हाताने विणलेली लोकरीची हवी, मशीनवरची अॅक्रिलिक ब्लँकेट चालणार नाही, तिच्यावर थेंबाचा प्रयोग वेगळाच येतो. मांजरपाट अर्धा मीटर पुरतो, अर्धा धुवा, अर्धा तसाच ठेवा. आणि सावरीची बोंडं मात्र एप्रिल-मेमध्येच गोळा करून कोरड्या पिशवीत भरून ठेवा, जूनमध्ये शाळा भरते तेव्हा झाडावर आणि रस्त्यावर काहीच उरलेलं नसतं. बिया काढू नका, त्या पोरांनाच काढू द्या.